काकीच्या भिंतीची माती

माझा धंदा काय, हे मला आजवर एका दमात सांगता आलेलं नाही. धामापुरात कुणालाही विचारा, तो सांगेल, "बाबल मां? पावसात गणपती करता, आणि पाऊस गेलो काय खुळ्यासारखो वाळूत वायरी पुरीत बसता." गोव्यातल्या एका प्रदर्शनाच्या पत्रिकेवर माझ्या नावाखाली 'मल्टिडिसिप्लिनरी आर्टिस्ट' असं छापलं होतं. ती पत्रिका मी मोठ्या कौतुकाने चुलतभावाला दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "म्हणजे एकय काम धड येणा नाय, असोच ना अर्थ?" मी पत्रिका परत घेतली. रागावण्यासारखं काही नव्हतं, अर्धं खरंच होतं ते.

तर दोन्ही कामं समजावून सांगतो, कारण पुढचं त्यावाचून कळायचं नाही.

पहिलं काम गणपतीचं. आमच्याकडे मूर्ती जिथे होतात त्या जागेला 'शाळा' म्हणतात. आमची शाळा आजोबांपासूनची. गिऱ्हाईक दुकानात येऊन मूर्ती निवडतं तसं इथे नसतं. प्रत्येक घर आपापला लाकडी पाट शाळेत आणून देतं आणि त्या घरचा गणपती त्याच पाटावर घडतो. कुणाचा सिंहासनावर बसलेला, कुणाचा उंदरावर. जो आजोबाच्या वेळी होता तोच नातवाच्या वेळी. विसर्जन झालं की रिकामा पाट तसाच घरी न्यायचा नाही, त्यावर पाण्याकाठची मूठभर वाळू घ्यायची आणि ती घरात चारी कोपऱ्यांत टाकायची, अशी रीत. देव गेला तरी घर ओकंबोकं वाटू नये म्हणून असेल. मी कधी कुणाला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी 'पूर्वीपासून आसा' एवढंच उत्तर मिळालं असतं.

दुसरं काम माझं स्वतःचं, मुंबईला चित्रकला शिकून परत आल्यावर सुरू झालेलं. डोक्यात एकच किडा होता. आम्ही चार महिने राबून घडवतो ती वस्तू पाण्यात विरघळताना कुणी पाहत नाही. आरती झाली, मूर्ती पाण्यात गेली की सगळे पाठ फिरवतात. मला ते विरघळणंच पाहायचं होतं. मग मी ओहोटीच्या वेळी वाळूवर कच्च्या मातीच्या वस्तू मांडायला लागलो. होड्या, झाडं, माणसं, पुढे घरं. आत तांब्याच्या बारीक तारा, बॅटरी आणि एक छोटा दिवा. भरतीचं पाणी आत शिरलं की माती ओली होते, तारांमधून जाणारी वीज बदलते, दिवा मंद होत जातो. भिंत ढासळली की तार सुटते आणि दिवा विझतो. एवढंच. यात मोठं विज्ञान काही नाही, शाळकरी पोराला जमेल. पण कुठली माती किती पाण्यात किती वेळ टिकेल, हे कळायला माझी बरीच वर्षं गेली.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. गोव्याच्या हद्दीवरच्या एका हॉटेलवाल्याला हे विरघळणं फार आवडलं. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता त्याच्या पाहुण्यांसाठी व्हायला हवं म्हणाला. मी म्हटलं, भरतीची वेळ रोज पुढे सरकते. तो म्हणाला, "ते तुम्ही बघा ना, ॲडजस्ट करा." मी त्याला सांगितलं की समुद्राशी माझी एवढी ओळख नाही. पुढे त्याने पंप लावून टाकीतलं पाणी सोडलं म्हणे, आणि दुसऱ्या कुणाकडून तरी थर्माकोलची घरं करून घेतली. ती विरघळेनात, नुसती तरंगत राहिली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हे झालं हसण्यासारखं. आता सुलूकाकीचं सांगतो.

सुलूकाकी म्हणजे तोंडवलीच्या मास्तरांची बायको. मास्तर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगा परेश बांद्याला दुकानात नोकरीला, तिथेच फ्लॅट घेऊन राहिलेला. काकी एकटी तोंडवलीला. घर किनाऱ्याच्या अगदी जवळ, मातीच्या भिंती, वर नळे, म्हणजे कौलं. किनाऱ्यावर कुठली आलीय माती? काकीच्या सासऱ्याने ती आमच्याच धामापूरच्या मळ्यातून बैलगाड्या भरभरून नेली होती. त्यामुळे तिचा पाट आमच्या शाळेत येई आणि ती आली की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "बाबल, तुमच्या मळ्याचो अर्धो भाग माझ्या घरात उभो आसा हां, विसरा नको."

मी तिच्या लग्नानंतरच्या वर्षी त्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मागच्या परसातून समुद्र दिसतसुद्धा नव्हता. पुढे सुरूची झाडं होती, त्यापुढे वाळूचा चढ, मग उतार, मग पाणी. सुरू एकेक करून आडवे झाले. चढ गेला. गेल्या काही वर्षांत तर पाणी परसाच्या दगडी गडग्याला लागू लागलं. किनाऱ्याला दगड टाकले, त्याने दगडांपुढची होती नव्हती तीही वाळू गेली.

परवाच्या हिवाळ्यात मी समुद्रात गेलेल्या आणि जाऊ घातलेल्या घरांचं काम करायला घेतलं. त्यात काकीचं घर हवं होतं. मोबाइलने घराचे चारी बाजूंनी शेकडो फोटो काढायचे, संगणक ते जोडून घराचा हुबेहूब आकार बनवतो, त्यावरून मी साचे छापून घेतो आणि साच्यात माती भरतो. मी घराभोवती फेऱ्या मारत होतो आणि काकी हातात झाडू घेऊन माझ्या मागून.

"भिंतीचे कसले फोटो काढतंस? माझो काढ, मी अजून बरी दिसतंय."

"तुझो पण येतलो गो, काकी."

पण तो आला नाही. त्या यंत्राला हलणारं काही पकडता येत नाही. फोटो जोडताना ते हलणाऱ्या वस्तू पुसून टाकतं. संगणकावर घर उमटलं ते अगदी कौलाच्या फुटक्या कडेसकट, दाराशी ठेवलेल्या घमेल्यासकट, फक्त काकी नव्हती. दारातून ती सारखी आतबाहेर करत होती म्हणून दाराच्या जागी एक वेडंवाकडं भोक राहिलं होतं. मी ते तसंच ठेवलं.

कार्यक्रम तोंडवलीच्याच किनाऱ्यावर झाला. गोव्याहून, मुंबईहून माणसं आली होती. गुडघ्याएवढी सहा घरं वाळूवर, प्रत्येकात दिवा. दिवस मावळताना भरती चढायला लागली. एकेक घर बसत गेलं, एकेक दिवा गेला. काकीचं घर शेवटी राहिलं, कारण ते मी मागे मांडलं होतं. त्याची पाण्याकडची भिंत गेली, छप्पर खाली आलं, दिवा लुकलुकला आणि विझला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या कडकडून वाजवल्या, काहींच्या डोळ्यांत पाणीही होतं.

काकी माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिने मान वळवून त्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"टाळये कित्याक वाजवतत, रे?"

मी काहीतरी बोललो. काम त्यांना आवडलं, असं म्हणालो असेन. ती म्हणाली, "माझा घर पडला म्हणान?" यात राग नव्हता, खरंच विचारत होती ती. नंतर ती पदर सावरून उठली आणि आपल्या घरी चालत गेली. खरं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, तिथे तिने दिवा लावला. तो सगळ्यांना दिसला, पण तोवर माणसं गाड्यांकडे वळली होती.

पुढच्या पावसात आषाढ सरता सरता ती शाळेत आली, परेशच्या गाडीतून. पाट परेशच्या हातात, आणि काकीच्या हातात सिमेंटची जुनी गोणी, अर्धी भरलेली.

"ही माती मागल्या भिंतीची," ती म्हणाली. "स्वयंपाकघराची भिंत फुगली, ढेकळा पडतत. अवंदाचो गणपती हेचोच कर."

परेश बाजूला होऊन मला म्हणाला, "बाबलकाका, तुम्ही तरी सांगा. मी म्हणतंय ह्या वर्षीपासून गणपती बांद्याक आणूया. ती आयकणा नाय. घर कधीय बसात."

काकीने ऐकलंच. "बसूचा तेव्हा बसात. ह्या घरचो गणपती ह्याच घरात बसतलो. ह्या एक वर्स. मगे तू माका खंय व्हया थंय ने."

आता पंचाईत काय होती ते सांगतो. समुद्राकाठच्या भिंतीत वर्षानुवर्षं खारं वारं मुरतं. मीठ असलेल्या मातीची मूर्ती वाळायला लागली की मीठ बाहेर येतं, अंगावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि माती भेगाळते. हे मला ठाऊक होतं. काकीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मूळची तुमच्याच मळ्यातली आसा. वळखतली तुका." पाऊस खाऊन खाऊन भिंतीतलं मीठ धुऊन गेलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली, माती भिजवली, कुटली, कापूस मिसळला आणि मूर्ती घडवली. काकीचा गणपती साधाच, मांडी घालून बसलेला, हातात मोदक. आठवडाभरात पोटावर पांढरं फुललं. मग एका सकाळी शाळेचं दार उघडलं तर सोंड मांडीवर पडलेली.

माणसं म्हणतील, अपशकुन. आमच्या धंद्यात तसं नसतं. डोळे लिहीपर्यंत ती नुसती माती. डोळे सगळ्यात शेवटी लिहायचे असतात, त्याचं कारण हेच. मी ती मूर्ती फोडली आणि पुन्हा पाण्यात टाकली. या वेळी मात्र आळस केला नाही. पिंपात माती पातळ कालवायची, खाली बसू द्यायची, वरचं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा पागोळ्यांचं गोडं पाणी भरायचं. रोज बोट बुडवून वरचं पाणी जिभेला लावून बघायचो. खारट, खारट, मचूळ, कमी मचूळ. बायको म्हणाली, "बाकीचे पाट रंगाक थांबलेत आणि हे हयसर माती चाखतत." बरोबर होतं तिचं. त्या वर्षी दोन घरांना गणपती ऐनवेळी ओल्या रंगाचे न्यावे लागले आणि त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण एका दिवशी पाणी गोडं लागलं. त्या मातीची सोंड पडली नाही.

अमावास्येच्या उधाणात काकीचं अर्धं घर गेलं. सकाळी परेशचा फोन आला. मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघर आणि मागची पडवी पाण्यात होती आणि काकी पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, शेजाऱ्यांच्या बाकड्यावर बसून होती. माजघर तेवढं उभं. त्याच्या मागच्या भिंतीला भलंमोठं भगदाड पडलं होतं, त्यातून समुद्र दिसत होता.

"आई, आता तरी चल," परेश म्हणत होता. वाईट मुलगा नाही तो. आई भिंतीखाली सापडेल या धास्तीने पावसाचे सगळे महिने त्याला झोप नव्हती.

काकी माझ्याकडे वळली. "माटवी टांगूक वासो आसा काय शाबूत, तेवढो बघ." माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट, रानातली फळं-फुलं बांधलेली. मी आत जाऊन पाहिलं. मधला वासा शाबूत होता.

आम्ही तिघाचौघांनी त्या वाशाला खालून टेकू दिले. भगदाडावर माझी निळी ताडपत्री बांधली. चतुर्थीला गणपती तिथे बसला. ताडपत्री वाऱ्याने फडाफडा वाजत होती आणि आरतीला टाळांपेक्षा तिचाच आवाज जास्त. दरवर्षी पाच दिवसांचा असायचा, काकीने स्वतःहून दीड दिवसाचा केला. "तेका जास्त भ्याव नको," म्हणाली. देवाला की परेशला, ते काही तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन. एरवी वाजतगाजत किनाऱ्यावर न्यायचा, इथे न्यायचं कुठे? मागची पायरी उतरली की पाणी. लाटा मोठ्या होत्या. पडलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा ढिगारा पाण्यात आडवा होता, त्याच्या आडोशाला पोटरीएवढं शांत पाणी साचलं होतं. परेशने मूर्ती तिथे ठेवली. आरती झाली. माणसं पाठ फिरवून वर गेली.

काकी रिकामा पाट घेऊन खाली वाकली. पाण्यात हात घालून चाचपायला लागली. तळाशी फक्त नळ्यांचे तुकडे आणि दगड. वाळू नव्हती. ती पुढे सरकली, पुन्हा चाचपलं. मी तिचा दंड धरला.

"मूठभर पण नाय रे," ती म्हणाली.

तेव्हा ती रडली. घर पडलं त्या दिवशी रडली नव्हती. मग मी पायरीवर बसलो आणि तिलाही बसवलं. माझ्या आयुष्यात मला नीट येतं असं एकच काम आहे, ते मी तिला सांगितलं.

"काकी, गणपतीची माती कच्ची आसा. थोडी वाट बघलंस तर हातात येतली."

"किती वेळ लागतलो?"

"अर्ध्या तासान सुटाक लागतली."

आम्ही बसलो. वरून परेश दोनदा हाका मारून गेला. आधी हातातला मोदक गेला, मग कान. डोळ्यांचा रंग पाण्यावर पसरला. काकीने ते सगळं पाहिलं, एकदाही मान वळवली नाही. मी इतकी वर्षं लोकांना विरघळणं दाखवत आलो, पण असं पाहणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. पुन्हा बघायची इच्छाही नाही.

मग तिने ओंजळी भरभरून ती माती पाटावर घेतली. पाट वर नेला, पण टाकणार कुठे? माजघराला चार कोपरे राहिले नव्हते. पाट तसाच गाडीत ठेवून ती बांद्याला गेली. माजघर पुढच्या पौर्णिमेच्या उधाणात बसलं. मी पाहायला गेलो नाही. गोव्याच्या प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन आला होता, "सर, तुम्ही शूट केलं असेल ना?" मी फोन ठेवून दिला. भल्या बाई आहेत, पण त्या दिवशी मला त्यांचा आवाज नको होता.

पाऊस संपल्यावर परेश शाळेत आला. बरोबर डब्यात पाटावरची वाळलेली माती. "आयेन दिलेली आसा. म्हणता, हेचा घर करून दी, मागे केललंस तसा. पण," त्याने डबा माझ्यापुढे सरकवला, "भाजून दी म्हणता."

आमच्या शाळेत आजवर काहीही भाजलेलं नाही. गणपती भाजत नाहीत, भाजला की तो पाण्यात जायचाच नाही. माझी घरं, होड्या सगळ्या कच्च्या. आयुष्यभर जे केलं ते विरघळावं म्हणूनच केलं. मी संगणकातून काकीच्या घराचा आकार काढला, मातीच्या मानाने लहान केला, हाताच्या पंजावर मावेल एवढा. दाराचं वेडंवाकडं भोक तसंच ठेवलं. कुडाळच्या बाजूच्या एका कुंभाराच्या भट्टीत ते भाजून घेतलं. छपराला एक भेग पडली, पुन्हा धुऊनही थोडं मीठ राहून गेलं असणार. पण टिकलं.

शिमग्याच्या आधी मी ते बांद्याला घेऊन गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून हमरस्ता. काकी खूप वाळली होती. मी कागद सोडवला. तिने घर मांडीवर घेतलं, भेगेवरून बोट फिरवलं. मग टीव्हीच्या शेजारी ठेवलं, मागची बाजू पश्चिमेला करून, तिथे समुद्राकडे असायची तशी. पश्चिमेला भिंत होती. माझ्या हातची आज जगात शिल्लक असलेली वस्तू तेवढी एकच, ते घर.

तिने वाकून दारातून आत पाहिलं. तर्जनी आत घातली, ती जेमतेम गेली.

"भितुर काळोख आसा, रे."

सवयीने मी म्हणालो, "दिवो बसवू काय आत? बारीक आसा माझ्याकडे."

काकीने बोट बाहेर काढलं. मग सरळ झाली.

"नको," ती म्हणाली. "काळोखच बरो. विझूक तरी काय नाय."